सगळ्यात शेवटी ताई

पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा मी हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहून चहावाल्याला खुणेनं थांबवत होते. नाव म्हणजे शरयू उमाळकर नव्हे. ते नाव हजेरीपटावर असतं, गॅसच्या पुस्तकावर असतं, आणि त्याला पडद्यावर यायचं काही कारण नाही. निळ्या चौकटीत इंग्रजी मोठ्या लिपीत तीन अक्षरं होती. टी, ए, आय. पुढच्या खुर्च्यांवरच्या इंजिनीअर लोकांनी ती तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचली. मी एका शब्दात वाचली आणि चहावाल्यासाठी वर केलेला हात तसाच राहिला. "मॅडम, ये टी-ए-आई क्या है?" पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं. माईकवरची मुलगी, प्रणोती तिचं नाव, हसून म्हणाली, "सर, टर्शरी ॲडिक्वसी इंजेक्शन." सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघातिघांनी लिहून घेतलं. मला हसू आलं. भलत्या ठिकाणी हसू येण्याची मला खोडच आहे, आईच्या तेराव्यालाही आलं होतं. चहावाला किटली घेऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी विजेच्या ऑफिसात आहे. वीज बोर्ड मोडून त्याच्या कंपन्या झाल्या त्याला जमाना झाला, पण जबलपुरात अजून सगळे बोर्डच म्हणतात, आणि मीही. वीज कशी तयार होते ते मला विचारू नये. आमचा सेक्शन ट्रेनिंगचा. बाहेरून कोणी शिकवायला येणार असेल तर हॉल, माईक, फाइली, पाण्याच्या बाटल्या आणि समोसे एवढं माझ्याकडे. या वेळच्या पत्रकात विषय होता विजेच्या बाजाराचा अभ्यास करायचं एक सॉफ्टवेअर. त्याला पैसे पडत नाहीत, ते कोणीही उघडून आतलं सगळं वाचू शकतो, बदलू शकतो, आपल्या घरी नेऊ शकतो. खाली त्याचं नाव होतं, ग्वारी. पत्रकावर सही करताना साहेबांनी विचारलं, "ये कैसा नाम है, ग्वारीघाट वाला?" मी म्हटलं, "पता नहीं सर." पता मला चांगला होता. ते माझ्या भावानं केलेलं होतं, आणि नाव दिलं होतं आमच्या नर्मदेवरच्या घाटाचं. पियूषनं पहिली काही वर्षं ते एकट्यानं लिहिलं, मग जगातले कुठकुठले लोक त्याला येऊन मिळाले, मग पियूष गेला आणि ते चालूच राहिलं. मी ऑफिसात कोणाला बोलले नाही. लहान हॉलऐवजी मोठा हॉल लिहिला, समोशांबरोबर खव्याची जलेबी घातली आणि त्या दिवशी बऱ्यापैकी साडी नेसून आले. कुठेतरी त्याचं नाव घेतील एवढीच माझी अपेक्षा होती. सुरुवातीला बारीक अक्षरांत नावांची एक लांबलचक यादी पडद्यावरून सरकली, तीत पी. उमाळकर कुठे होता ते शोधेपर्यंत ती निघून गेली. मग मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, घ्या, फुकट वाटा अजून. तो असताना हे वाक्य मी त्याला कितीदा ऐकवलं असेल, आणि तो दर वेळी म्हणायचा, फुकट नाही गं, उघडं आहे. त्या दोन शब्दांतला फरक समजून घ्यायची मला कधी गरज वाटली नव्हती.

प्रणोती मात्र चांगलं समजावत होती. तिच्या हिंदीत कुठेतरी आपल्याकडची मऊ ओढ होती. ती सांगत होती, समजा तुमच्या राज्यातली सगळी वीजघरं घेतली, कोळशाची, बरगी धरणाच्या पाण्याची, सूर्याची, आणि प्रत्येकाचा रेट लिहिला. आता दर पाव तासाला लोकांना किती वीज पाहिजे तेही लिहिलं. सॉफ्टवेअर काय करतं, जो स्वस्त त्याला आधी बोलावतं, मग त्याहून महाग, मग त्याहून. असं करत मागणी भरून काढतं. पण समजा उन्हाळ्याची संध्याकाळ आहे, सगळे लागले, तरी कमी पडलं. खऱ्या जगात कुठेतरी लाईट जाते. सॉफ्टवेअरला मात्र रिकामी जागा सहन होत नाही. ते म्हणतं, या प्रश्नाला उत्तर नाही, आणि बंद पडतं. म्हणून त्यात एक खोटं वीजघर ठेवावं लागतं. त्याला चिमणी नाही, धरण नाही, ते कुठेही नाही. पण जेवढं कमी पडेल तेवढं ते देतं. ते कधी बिघडत नाही आणि कधी नाही म्हणत नाही. "वही है टी-ए-आई," ती म्हणाली. "जहाँ लाइट जाती है, वहाँ ये आती है." मी दाराची चौकट धरली. हॉलमधला एसी घरघरत होता.

लहानपणी चेरीतालला आम्ही राहायचो तेव्हा लाईट जायची ती सांगून जायची नाही. दोन खोल्या होत्या, मागची खोली गल्लीच्या भिंतीला लागून, तिला खिडकी नावालाच. आमचे बाबा, भाऊराव, फॅक्टरीत पाळीला असायचे. आईला, अंजनीबाईंना, दम्यानं धरलं की ती भिंतीला उशी लावून बसायची आणि तिच्याशी बोलायचं नाही असा घरचा नियम होता, कारण तिला उत्तर द्यायला श्वास लागायचा. मी दहा वर्षांनी मोठी. पियूषची वेणीफणी तेवढी केली नाही, बाकी सगळं केलं. त्याच्या शाळेत पालकांना बोलावलं की मी जायची. कॅरमला चौथा गडी नसला की मी. त्याच्या नाटकात राजाचा हत्ती आजारी पडला तर हत्तीही मीच झाले होते. आणि लाईट गेली की तो आतल्या खोलीतून हाक मारायचा, "ताई?" मी असेन तिथून म्हणायची, "हं." बस, एवढंच. मग तो पुन्हा अंधारात बसायचा, कंदील लागेपर्यंत एक शब्द नाही. मी चिडवलं तर म्हणायचा, मी काही भिऊन नाही राहिलो, मी चेक करून राहिलो. एकदा मी गंमत म्हणून गप्प बसले. त्यानं दुसरी हाक दिली नाही. उठून चाचपडत आला, माझ्या तोंडावरून हात फिरवला, नाक, कान, वेणी, आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. त्या हाताला पेन्सिलीचा आणि शेंगदाण्याचा वास होता. मी त्यानंतर कधी ती गंमत केली नाही.

पण हा शब्द घराबाहेर नेता येत नव्हता. भोवताली सगळी हिंदी, आणि हिंदीत ताई म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची बायको, डोक्यावर पदर घेतलेली पिकली बाई. पियूष दुसरीत असताना मी त्याला डबा द्यायला शाळेत गेले, तो वर्गातून ओरडला, "ताई आली," आणि पोरं हसून लोळली. "अबे, अपनी बहन को ताई बोलता है!" तेव्हापासून त्यानं सोय करून घेतली. चारचौघांत दीदी, घरात ताई. फोनवर बोलताना कोणी खोलीत आलं की वाक्याच्या मध्येच मी दीदी व्हायची, आणि मला कळायचं की कोणी आलंय. आई गेली, मग बाबा, मग पियूषही बाहेर पडला, आणि जबलपुरात मला ताई म्हणणारं कोणी उरलं नाही. गल्लीत मी दीदी, ऑफिसात मॅडम, आणि केस पांढरे झाल्यापासून भाजीवाल्याची आंटी. नोकरीसाठी पियूष हैदराबादला गेला तेव्हा तो शब्दही आपल्याबरोबर घेऊन गेला, आणि दर रविवारी फोनवर मला थोडासा परत द्यायचा.

चहाच्या सुट्टीत मी स्वतः बशी घेऊन प्रणोतीकडे गेले. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी आहात ना? सकाळी फोनवर बोलून राहिल्या होत्या तेव्हा ऐकलं मी."

"अच्छा. तू कुठली?"

"इथलीच, विजय नगरची. आता नोएडाला आहे. मराठी समजते सगळी, बोलायला गडबड होते. आई म्हणते, तू मराठीत हिंदीच बोलून राहिली."

मी जलेबी पुढे केली. मग शक्य तितक्या सहज विचारलं, "ते टी-ए-आय नाव कोणी ठेवलं?"

"पता नहीं. पहिल्यापासूनच आहे. फुल फॉर्म कुठेच नव्हता. मग नेटवर कोणीतरी विचारलं, दुसऱ्यानं अंदाजानं ठोकून दिलं, आणि तेच चालू झालं. आता तर पेपरमध्ये पण तसंच छापतात." तिनं बोट चाटलं. "पण जाऊन राहिलं ते नाव. नवीन व्हर्जनमध्ये सगळी नावं नीट करायची आहेत, जी जगात सगळ्यांना कळतील अशी. या महिन्यात कोणाला ऑब्जेक्शन असेल तर लिहायचं, नाहीतर हटवणार."

"कोण हटवून राहिलं?"

"आम्हीच. म्हणजे जे जे त्यावर काम करतात ते सगळे मिळून. मालक असा कोणी नाही ना."

"आणि ती लागते कधी? ती टी-ए-आय?"

"सगळ्यात शेवटी," प्रणोती म्हणाली. "तिचा रेट इतका वर ठेवलाय, की बाकीचे सगळे संपल्याशिवाय मॉडेल तिला हातच लावत नाही."

मी बशी टेबलावर ठेवली. म्हटलं, ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं तो पियूष उमाळकर माझा भाऊ. "सरांबद्दल ऐकलंय फक्त," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या किती लाइनी अजून तशाच चालून राहिल्या." मी म्हटलं, मला त्या बघायच्या आहेत, कळणार नाहीत, पण बघायच्या आहेत. रविवारी दुपारी घरी ये, मदन महलला, स्टेशनच्या या बाजूला. तेवढ्यात साहेबांनी समोसे कमी पडल्याचं सांगितलं आणि मी समोशांकडे गेले.

सगळ्यात शेवटी. हे शब्द मी आधी ऐकलेले होते, हिंदीत, हैदराबादच्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात. पियूषला ताप आला होता. डासांचा ताप, जो तिकडे त्या दिवसांत घराघरात होता आणि बहुतेकांचा बरा होत होता. रविवारी फोनवर तो म्हणाला होता, जरा सर्दी आहे. त्याचा आवाज मला जाड वाटला, मी म्हटलं येऊ का, तो म्हणाला, काहून? सर्दीसाठी रेल्वेला त्रास. मी हसले आणि फोन ठेवला. मग काही दिवसांनी ऑफिसात असताना मोहनचा फोन आला. मोहन त्याचा सोबती, एकाच फ्लॅटमध्ये राहायचे, बुंदेलखंडातला सरळ मुलगा. माझ्या लाडवांच्या पार्सलामुळे त्याच्याकडे माझा नंबर होता. शरयू दीदी म्हणून. तो फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. मी पोचले, मोहन जिन्यात उभा होता, त्याच्या शर्टाच्या बाहीवर आयोडिनचा पिवळा डाग होता, तो डाग मला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतो. रडत रडत सांगत होता. "दीदी, मैंने शुरू में ही पूछा था, घर में किसको बताऊँ. बोला, ताई को सबसे आख़िर में. पहले देखते हैं, अपने से निपट जाए तो. मैं समझा कोई बूढ़ी ताई होंगी गाँव में, घबरा जाएँगी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आख़िर की रात वो ताई, ताई ही करता रहा. मैंने कहा, ताई को सुबह बुला लेंगे, तू सो जा."

मी मोहनला पाठीवर थोपटलं. त्याला सांगितलं नाही. ताई म्हणजे मीच हे त्याला कळलं असतं तर त्या पोराला जन्मभर झोप लागली नसती, आणि त्याची यात चूक काय होती? त्याच्या भाषेत ताई म्हणजे तीच. चूक असलीच तर दुसरीतल्या त्या वर्गाची, जिथे पोरं हसली होती. पण वर्गावर कोण रागावणार? मी रागावले पियूषवर. अजून रागावते. माझा रेट एवढा वर कोणी ठेवायला सांगितला होता? मी कधी म्हटलं होतं, की मला बोलावणं महाग आहे? मी विचार करून करून थकले आहे. एवढंच आठवतं की त्याचं लग्न मोडलं तेव्हा, नोकरी गेली तेव्हा, प्रत्येक वेळी तो मला सगळं निस्तरून झाल्यावर सांगायचा, आणि मी म्हणायची, आधी नाही सांगता येत? तो म्हणायचा, तू आहेस ना, तू कुठे जातेस. याचा अर्थ माया होता की काय होता, मला खरंच कळत नाही. रात्रभर त्यानं हाक मारली आणि हं म्हणायला कोणी नव्हतं, हे मात्र मला कळतं. तो उठून चाचपडत येऊ शकत नव्हता. पहिल्या भाऊबीजेला शेजारच्या ज्योतीवहिनी म्हणाल्या, शरयू, चंद्राला ओवाळ, ज्यांना भाऊ नाही त्या तसंच करतात. मी म्हटलं, चंद्राला कशाला मध्ये घालायचं, आणि दार लावून घेतलं.

रविवारपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. बसमधून आधारताल जायचं, रसल चौक जायचा, माझं उतरायचं ठिकाण निघून गेलं तरी मला कळत नव्हतं. जगात एक जागा अशी निघाली होती जिथे तो अजून मला ताई म्हणत होता, आणि रोज म्हणत होता, कुठल्या कुठल्या देशांत. ती जागा आता जाणार होती. ऑब्जेक्शन लिहिता आलं असतं. प्रणोतीनं लिहूनही दिलं असतं. मी मनात वाक्यं जुळवून बघितली. महोदय, ताई म्हणजे थोरली बहीण. मग पुढे? मग ते लोक खाली अंगठे उमटवतील, हृदयं उमटवतील, कोणी लिहील की किती सुंदर गोष्ट, आणि कोणीतरी हसेलही. मी पुन्हा त्या वर्गाच्या दारात डबा घेऊन उभी. दुसरीकडून वाटायचं, पुन्हा लोक चुकीचं ऐकतायत आणि मी पुन्हा गप्प बसते आहे. मोहनसमोर गप्प बसले ते ठीक होतं. पण या वेळी गप्प बसले तर हाकच बंद होईल. ऑफिसात शनिवारी मी एकाच हॉलची दोन बुकिंगं केली आणि साहेब पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले, मला काही वाटलं नाही.

प्रणोती रविवारी जेवायच्या वेळेनंतर आली. तिच्या आईनं दिलेला अनारशांचा डबा तिच्या हातात होता. खिडकीतून मदन महलच्या टेकडीवरचं ऊन जेवणाच्या टेबलावर येत होतं, ते लॅपटॉपवर पडू नये म्हणून मी पडदा अर्धा ओढला. तिनं ग्वारी उघडलं. मला वाटलं होतं चित्रं असतील, वायर असतील. नुसत्या ओळी होत्या, इंग्रजी, एकीखाली एक. ती हळूहळू खाली जात होती आणि सांगत होती, इथे कोळसा, इथे बरगी, हे सरांनी लिहिलेलं, हे नंतर कोणीतरी जोडलेलं. मग थांबली. "ही बघा, ही अगदी पहिल्या व्हर्जनमधली ओळ, मूळची. मी कधी इतकं मागे आलीच नव्हती. इथे तर छोट्या अक्षरांत आहे." ती वाचायला लागली, "टी, ए..." आणि तिचं बोट काचेवर राहिलं. मोठ्या लिपीत जे तिला दिसलं नव्हतं ते लहान लिपीत दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई?"

प्रश्नार्थक, शेवट वर नेलेला, जसा तो अंधारात न्यायचा. माझ्या तोंडून हं निघता निघता राहिलं. मी मान हलवली. मग मी तिला सगळं सांगितलं, चेरीतालचं, लाईटचं, वर्गातलं, आणि हैदराबादचं, जे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना मी रडले नाही, ती रडली. "माझी आत्येबहीण आहे नागपूरला, मी तिला ताईच म्हणते," ती म्हणाली. "आणि मी तिकडे उभी राहून इंजेक्शन इंजेक्शन करून राहिली होती. काकू, मी आत्ता ऑब्जेक्शन लिहिते. नाव जाऊ देणार नाही मी."

तिचा हात लॅपटॉपवर गेला होता. मी तिला थांबवलं. काय हवंय ते मला त्याच क्षणी कळलं, चार दिवस कळलं नव्हतं ते. "नाव बदलायचं तर बदलू दे," मी म्हटलं. "त्या लोकांना जे कळेल ते नाव पाहिजेच. फक्त ते इंजेक्शनवाले तीन शब्द खोडायला सांग. त्याचा फुल फॉर्म काही नाही, एवढं लिही. माझं नको, पियूषचंही नको."

"एवढंच?"

"एवढंच." मी तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. "आणि हे घरी नेता येतं म्हणालीस ना? कोणीही?"

"हो ना. कॉपी तुमचीच. त्यात काहीही करा, त्यांच्याकडे काही बदलत नाही."

"मग एक माझ्याकडे ठेवून दे." माझ्याकडे ऑफिसनं दिलेला एक जुना लॅपटॉप आहे, तो मी काढला. तिनं काहीबाही जोडलं, थोडा वेळ लागला, आम्ही दोघींनी एकेक अनारसा खाल्ला. मग तीच ओळ माझ्या घरच्या पडद्यावर आली. नावापुढे रेट होता. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नुसते नऊ, ओळ संपेपर्यंत. बोट उचललंच नव्हतं पोरानं. त्या आकड्यांकडे बघून मला त्याचा एवढा राग आला की कानशिलं तापली. "हा रेट मला बदलता येतो?" मी विचारलं.

"येतो. किती करू?"

"शून्य."

प्रणोतीनं हात मागे घेतला. "काकू, मग मॉडेल बिघडते. ती फुकट मिळाली तर तो दुसऱ्या कोणाला काहून विचारेल? दिवस सुरू झाला की तिलाच बोलावेल. कोळसा बंद, बरगी बंद, सगळे बंद. सारखं तिलाच बोलवत राहील. त्या उत्तराचा काही उपयोग नाही."

"उपयोगाचं खूप करून झालं माझं," मी म्हटलं. "कर तू."

तिनं ते नऊ एकेक करून पुसले. मी मोजले नाहीत, पण प्रत्येक पुसला जाताना बघितला. मग शून्य लिहिलं आणि बटण दाबलं. काही क्षण काहीच झालं नाही. खाली रस्त्यावरून कुल्फीची गाडी घंटी वाजवत गेली. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर तक्ता उतरला, डावीकडे वेळ, उजवीकडे त्या पाव तासाला कोणाला बोलावलं त्याचं नाव. पहिली ओळ, ताई. दुसरी ओळ, ताई. तिसरी, चौथी, पहाट, सकाळ, कुठे दुसरं नावच नाही, ताई, ताई, ताई, लहान अक्षरांत, एकाखाली एक, पडदा संपला तरी खाली अजून होतंच. प्रणोती उठली आणि आपला पेला विसळायला स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. काच कोमट होती.

"हं," मी म्हटलं.

मग बोट खालच्या ओळीवर नेलं आणि पुन्हा म्हटलं. दिवस मोठा होता, आणि मला कुठे जायचं नव्हतं.